जावेच्या पायातलं जोडवं

माझ्या घरी नवी मुलगी आली, सून म्हणून किंवा पाहुणी म्हणून, की मी आधी तिच्या पायांकडे बघते. नातवंडांना याचं हसू येतं. आजी माणसाचं तोंड बघत नाही, अंगठे बघते, असं ती म्हणतात. म्हणू देत. नखं वाटोळी कोरलेली दिसली की मी तोंडावर सांगते. पायाचं नख सरळ कापायचं, कोपऱ्यात शिरायचं नाही. आंघोळीनंतर, मऊ असताना कापायचं. कोपरा रुतायला लागला तर पाय कोमट मिठाच्या पाण्यात बुडवायचा आणि देवाच्या वातीचा कापूस पिळून नखाच्या टोकाखाली सारायचा. आणि बोट जरा सुजलं की जोडवं त्याच दिवशी उतरवायचं. नवऱ्याचं काय होईल ते मी बघते.

मी चौथी शिकले. हे काही शाळेत शिकले नाही. थोरल्या जावेच्या पायावर शिकले.

गोवा पोर्तुगीजांकडे होता तेव्हाची गोष्ट. आमचं घर तोंडवलीला, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. घरात आम्ही तिघी बायका. सासू विधवा. थोरला दीर मालाच्या आगबोटीवर खलाशी, वर्ष वर्ष घरी यायचा नाही. कुठल्या बंदरात आहे ते आम्हाला कधी कळायचं, कधी नाही. माझा नवरा मुंबईला एका छापखान्यात. भात लावायचं, बेणायचं, कापायचं, सगळं आम्हीच.

आमच्याकडे जोडवी घट्ट घालायची रीत होती. लावणीच्या चिखलात पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि ओढून काढताना सैल जोडवं आत राहतं. मग ते शोधून सापडत नाही, आणि सवाष्णीचं जोडवं हरवणं म्हणजे घरात रडारड. म्हणून सोनार चांदीचा वेढा बोटावर ठेवून चिमट्याने दाबून बसवायचा. माझ्या जावेची जोडवी जाडजूड होती, सासूने हौसेने घडवलेली. उजव्या पायातलं अंगठ्याला टेकायचं. चालताना ते अंगठ्याच्या नखावर रोज थोडंथोडं दाबत असणार. तेव्हा हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

नख रुतायला लागल्यावर तिने दिराच्या दाढीच्या पात्याने कोपरा खोल कापून टाकला. लगेच बरं वाटलं. तसं ते वाटतंच. मग लावणी सुरू झाली, शेणखताच्या चिखलात दिवसभर उभं राहायचं, आणि अंगठा ठणकायला लागला. ती लंगडायला लागली तशी मळ्यातल्या बायकांना विषय मिळाला.

"काय गो, घोव बोटीर आणि तू एका पायार?"

"दुसरो पाय घोवान वांगडा नेल्यान," जाव म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

ती तशीच होती. तोंडाने कुणाला हार जायची नाही. काम करताना गाणी म्हणायची, बेसूर. मला माहेरची आठवण येऊन रडू आलं की म्हणायची, "रडान घे, पण हात चालवीत रड." मला सख्खी बहीण नाही. होती तर ती.

बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या की आमच्याकडे काजूबीच्या सालीचं तेल लावतात. चरचरतं, पण कातडी राठ होते. तिने तेच नखाच्या कोपऱ्यात ओतलं. चिखल्यांना चालतं तर नखाला का नाही चालणार, असा तिचा हिशेब. उघडं मांस भाजलं. दुसऱ्या दिवशी अंगठा लाल, तुकतुकीत आणि कोपऱ्यातून पू.

"हो बग," ती मला पाय दाखवून म्हणाली, "अंगठो नाय, कोनफळ झाला. आज ह्येचीच भाजी कर."

सासूने तिला मळ्यातून घरी आणलं. सासू कडक होती, पण दुखण्याला हयगय करणारी नव्हती. स्वतः किनाऱ्यावर जाऊन समुद्राचं पाणी हंडीत आणायची, तापवायची आणि जावेचा पाय मांडीवर घेऊन शेकत बसायची. हळद लावायची, तांदळाच्या पिठाचं पोटीस बांधायची. सुनेचा पाय मांडीवर घेणारी सासू मी दुसरी पाहिली नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून लोक तिला शिव्या देतील.

सूज उतरेना. ती शेजारच्या बोटात सरकली आणि जोडवं मांसात बुडायला लागलं. तेव्हा सासूच म्हणाली, मालवणात डॉक्टरकडे जाऊन या. मी जावेला घेऊन होडीने खाडी उतरले, पुढे बैलगाडी मिळाली. पावसाने दोघी चिंब. गाडीवान म्हणाला, "कोणाक दाखवूक नेतास?" तर ही म्हणते, "हिका. येडी झाली हा. मी नुसती सोबत."

डॉक्टर वयस्क होते, हळू बोलायचे. त्यांनी पाय धुतला आणि चिमट्याने नखाच्या कोपऱ्यातून एक टोक ओढून काढलं. काट्याएवढं. जाव ओरडली नाही, माझा दंड मात्र काळानिळा केला.

"कोपरा खोल कापलात ना? सगळ्या बायका हेच करतात," डॉक्टर म्हणाले. "वरून नख दिसेनासं होतं, पण आत टोक राहतं आणि तेच मांसात वाढत जातं." मग त्यांनी दुसऱ्या बोटाला हात लावला. ते बोट निळसर दिसत होतं. "अंगठ्याचं मी बघतो. पण हे जोडवं आत्ता कापायला हवं. बोटाचं रक्त अडलंय. माझ्याकडे पक्कड आहे."

मी म्हटलं, कापा.

जावेने पाय मागे घेतला. इतक्या जोरात की पाण्याचं तसराळं कलंडलं. "नको. आयेक इचारूक व्हया."

"तुमचा पाय आहे, बाई," डॉक्टर म्हणाले.

"पाय माझो, पण घोव तेंचो झील आसा," ती म्हणाली. डॉक्टरांना मालवणी कळत होती; आये म्हणजे सासू, झील म्हणजे मुलगा, हे सांगावं लागलं नाही. त्यांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "उद्या सकाळपर्यंत हे बोटातून निघालं पाहिजे. घरी तसं सांगा."

मी घरी तसंच्या तसं सांगितलं. सासू चुलीपुढे बसली होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाय."

मी वाद घातला. धाकट्या सुनेने सासूशी वाद घालायचे ते दिवस नव्हते, पण मी घातला. म्हटलं, बोट कुजेल. बोट कुजलं तर पाय जाईल. जोडवं काय, पुन्हा घालता येईल. तेव्हा ती उठली आणि माझ्यासमोर आपला पाय ठेवला. जोडव्यांच्या बोटावर अजून खाचेसारखी गोल रेघ होती.

"मिया एकदा काढलंय," ती म्हणाली.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. तिच्याही पायांना एका लावणीत चिखल्या झाल्या होत्या, आणि तिने सोनाराकडून जोडवी उतरवून घेतली होती. पाय बरे झाले की घालू म्हणून. पाय बरे व्हायच्या आधी नारळी पौर्णिमा आली, मचवे समुद्रात गेले, आणि माझ्या सासऱ्यांचा मचवा परत आला नाही. उतरवलेली जोडवी फळीवरच राहिली. तीच पुढे आटवून तिने थोरल्या सुनेची जोडवी घडवली होती.

"माझो झील पाण्यात आसा," ती म्हणाली. "माका आणि काय सांगू नको."

मला राग आला होता. मी जावेकडे गेले. म्हटलं, बाय, तू सांग. तू म्हणालीस तर आत्ता सोनाराला आणते, आये काय करायचं ते करू दे.

तिने पायावर पदर ओढला. मग म्हणाली, "समज, काढला आणि तेंका काय झाला, तर ह्या घरात माका भात गिळवतलो काय?" आणि हसून म्हणाली, "एका बोटान काय जाता गो? आणखी नऊ आसत."

सासूने शेकणं सोडलं नाही. उलट जास्तच करायला लागली. गोळ्या वेळेवर द्यायची, देवीला नवस बोलली, गरम पाणी थंड होऊ द्यायची नाही. जोडव्याला मात्र हात लावला नाही आणि लावू दिला नाही. बोट निळ्याचं काळं झालं. मग मांडीपर्यंत लाल रेघ चढली, जांघेत अवधाणाची गाठ आली, आणि जाव तापाने अशी हुडहुडायला लागली की वाकळांवर वाकळा घालूनही थांबेना. कुणाला तरी गाणं म्हणून दाखवत होती. बेसूरच.

सकाळी बघते तर सासू घरात नाही. पावसात डोक्यावर इरलं घेऊन ती स्वतः सोनाराकडे गेली होती. त्याला जवळजवळ ओढतच घेऊन आली. तो बोट बघून मागे सरला. सासू म्हणाली, "काप. माझ्या समोर काप." त्याने बारीक कातरीने जोडवं कापलं. मांसातून ते ओढून काढताना जावेला काही कळलं नाही. तेव्हाच मी समजले.

आम्ही तिला झोळीत घालून होडीपर्यंत नेलं. खाडी उतरलो. डॉक्टरांच्या दारात पोचलो तेव्हा तिचा श्वास चालू होता. त्यांनी करायचं ते केलं. संध्याकाळी ती गेली. रात्री होडीनेच तिला घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी गावातल्या बायका आल्या. हळदकुंकू लावलं, हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. एक म्हणाली, "भाग्याची गो. कुंकवासकट गेली." दुसऱ्या दोघीतिघींनी माना हलवल्या. सासू भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "तोंडां बंद करा." बायका गप्प झाल्या. तिला दुःखाने असं होतंय, असं त्यांना वाटलं.

दिवस झाल्यावर मी सोनाराकडे गेले आणि माझी जोडवी काढून घेतली. घरी येऊन फळीवर ठेवली, लपवली नाही. सासूने माझे पाय पाहिले. मग चुलीकडे वळली. माझा नवरा त्यानंतर म्हातारा होऊन, दात पडून, अंथरुणात मेला.

दीर शिमग्याच्या सुमाराला आला. कंपनीच्या कचेरीतून त्याला कुठल्याशा बंदरात कळवलं होतं, पण बोट सोडून येता आलं नव्हतं. धडधाकट होता, उन्हाने रापलेला. तो ओटीवर बसला आणि विचारलं, कसं झालं. सासूने त्याला सगळं सांगितलं. एक अक्षर लपवलं नाही. आपण काय म्हणालो तेही.

त्याने ऐकलं आणि म्हणाला, "आये, मिया काय जोडव्यार जगतंय?"

एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठून समुद्राकडे गेला आणि सासू बसल्या जागी बसून राहिली.

पुढे त्याचं दुसरं लग्न झालं. त्यात वाईट काही नाही, माणूस तरुण होता. नव्या सुनेची जोडवी बसवायला सोनार आला तेव्हा सासू त्याच्यासमोर बसली. तो सवयीने चिमटा दाबायला लागला तसा तिने त्याचा हात धरला. "सैल ठेव," म्हणाली. "चिखलात रवली तर रवांदेत."

म्हातारपणी तिला वाकता येईना. तिच्या पायांची नखं मी कापायची. आधी पाय कोमट पाण्यात बुडवून ठेवायचे, पुसायचे, आणि मग सरळ कापायची. नखं जाड झाली होती, वेळ लागायचा. ती खांबाला टेकून खाडीकडे बघत बसायची. तिच्या बोटावरची ती गोल खाच शेवटपर्यंत गेली नव्हती.

एकदा मी उजवा अंगठा धरला होता. ती इकडे न बघताच म्हणाली, "तिका खूप दुखला आसतला, नाय गो?"

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. नाही म्हणता आलं असतं. पण माझा दंड काळानिळा झालेला मला आठवत होता.

"होय आये," मी म्हटलं, "दुखला."

तिने मान हलवली. पाय मागे घेतला नाही. मी उरलेलं नख कापलं.