बरडाची माती

वाटणी झाली तेव्हा भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावानं, सपाट काळं वावर स्वतःकडे ठेवलं आणि धुऱ्यापलीकडचं, म्हणजे बांधापलीकडचं, उताराचं बरड आमच्या पदरात टाकलं. नुसते खडे आणि मुरूम. पाऊस पडला की पाणी पुढं आणि माती त्याच्या मागं. मला कुणी विचारलंही नाही. आमच्याकडे सुनेनं भासऱ्यांशी सरळ बोलायचं नसतं. सांगायचं ते नवऱ्याला सांगायचं आणि त्यानं पुढं पोचवायचं. माझा पोचवतच नाही, ही वेगळी गोष्ट.

सोयाबीन काढून झालं की आमच्या केनवडकडे वावरावावरांत कुटाराचे, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशाचे, ढीग पेटतात. हरभऱ्याची घाई असते म्हणे. कुटार जाळायचं आणि मग खताच्या पोत्यांसाठी दुकानापुढं रांग लावायची, या शहाणपणाला काय म्हणावं! मी आमचं कुटार कधी जाळू दिलं नाही. शेणासोबत खड्ड्यात कुजवलं, टोपल्या वाहून वावरात पसरलं, पेरणी उताराला आडवी करायला लावली. "बाई कचरा पेरून राह्यली," म्हणून लोक हसले. हसू दे.

यंदा शेंगा भरायच्या वेळी पावसानं दडी मारली. वर्षानुवर्षं भाजून काढलेलं भासऱ्यांचं वावर भेगाळलं, सोयाबीननं माना टाकल्या. माझ्या बरडातली माती मात्र मुठीत घेतली तर गार लागत होती.

मळणी उरकली त्या दिवशी भासरे धुऱ्यावर उभे राहून नवऱ्याला म्हणाले, "तुह्या वावराची माती पयलेपासूनच चांगली हाये. आता अदलाबदल करू. घरातल्या घरात."

पयलेपासून! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा माझ्याकडे न बघताच म्हणाला, "पाहू ना दादा." आणि बोलता बोलताच भासऱ्यांनी काडी ओढून आपल्या कुटाराला लावली.

धूर माझ्या वावरावर आला. डोक्यावरचा पदर तसाच ठेवून मी धुऱ्यावर गेले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्याशी सरळ बोलले.

"वावराचं खाणं तुमी आपल्या हातानं पेटवून राह्यले, अन् ते उपाशी वावर आमाले देता? नाही जमत. हे बरड माहं हाये."

भासरे सवयीनं नवऱ्याकडे वळले. पण या खेपेला त्यानं पोचवायचं काही उरलंच नव्हतं.