कमानीखालची बाई

लग्न होऊन मी परभणीला आले, तेव्हा सासरच्या बैठकीत दोन मोठी तैलचित्रं समोरासमोर टांगलेली होती. सासरे वकील. हैदराबादला एका नवाबाच्या देवडीतलं, म्हणजे हवेलीतलं, सामान लिलावात निघालं, तेव्हा त्यांनी ही जोडी आणलेली. चित्रं इटलीतली, फार जुनी. मोडके खांब, अर्ध्या कमानी, वर उगवलेली झुडपं आणि पायथ्याशी बोटाच्या पेराएवढी माणसं. सासरे पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, "असे महाल तिकडं कुठंच नव्हते. चिताऱ्यानं मनानंच बांधले आन मनानंच पाडले."

सासरे वारले, त्यानंतर सासूबाई त्यातल्या एका चित्राकडं पाठ करून बसायला लागल्या. त्यात पडक्या कमानीखाली एक बाई लेकराला घेऊन बसलेली होती. एका दुपारी त्या मला म्हणाल्या, "तुला चित्रं काढता येत्यात ना? त्या बाईला आत घे."

"आत म्हंजे कुठं, आत्याबाई?"

"घरात. लय दिवस झाले, बाहेरच बसलीय."

शाळेत चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या, एवढाच माझा अधिकार. इतक्या जुन्या चित्राला हात लावू नये, हे मला कळत होतं. पण मी नवी सून, नाही म्हणवेना. आणि खरं सांगायचं तर आपला हात दाखवायची हौसही होती. बाजारातून रंगाच्या नळ्या आणल्या. बाईला आत कसं घ्यायचं ते सुचेना, म्हणून कमानीला दार काढलं आणि बाई-लेकरू मातकट रंगानं बुजवून टाकलं.

सासूबाईंनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. "गेली कुठं?"

"आत गेली ना."

"न्हाई. तू तिला मिटवलंस. आन दार तर लावलेलंच काढलंस."

मग त्या खाली फरशीवरच बसल्या आणि सांगायला लागल्या. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून पहिली दंगल उसळली, तेव्हा त्या पालमकडच्या आमच्या गावी होत्या. दलित वस्तीतली घरं पेटली. आमच्या शेतात खुरपायला येणारी एक बाई लेकराला कडेवर घेऊन मागच्या दारी आली आणि "मालकीणबाई, कडी काढा" म्हणत दार बडवू लागली. सासूबाईंचे दोघे दीर ओसरीत होते. त्यांनी तिथूनच बजावलं, दार उघडायचं न्हाई. सासूबाई कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आवाज थांबेपर्यंत.

"दिरांनी काय माझा हात धरला नव्हता," त्या म्हणाल्या.

मी रॉकेलच्या बोळ्यानं माझा रंग पुसायला गेले, तर खालचा जुना रंगही निघून आला. बोळ्यावर निळसर डाग उमटला, चित्रातल्या बाईच्या वस्त्राचा. तो बोळा मला फेकवेना आणि ठेववेना.

सासूबाईंनी चौकशी केली, तेव्हा कळलं की गावातली ती बाई जिवंत होती, पूर्णेला भावाकडं राहत होती. घरी दवाखान्याचं निमित्त सांगून आम्ही दोघी एसटीनं गेलो. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं लगेच ओळखलं, पण उठली नाही.

"त्या दिवशी मी आतच होते," सासूबाई म्हणाल्या.

"ठाऊक हाय. तुमच्या बांगड्या वाजायलत्या."

"लेकरू?"

"शाळेत गेलंय."

"माझं चुकलं गं."

ती सुपाकडं बघत राहिली. "काय म्हणावं ते मलाच कळंना झालंय. बसा म्हणवत न्हाई, जावा म्हणवत न्हाई."

मग सासूबाईंनी हात जोडले आणि आम्ही स्टँडकडं निघालो.

दिवाळीला सासूबाईंचे ते दोघे दीर गावाहून आले. जेवताना, सगळ्यांच्या देखत, सासूबाईंनी ती गोष्ट सांगितली. आधी स्वतःचं सांगितलं, मग त्यांचं. थोरले ताटावरून उठले. "वैनी, घरातली गोष्ट घरातच ऱ्हाऊ द्यायची."

"मग घरातच सांगायलेय की," त्या म्हणाल्या.

त्यानंतर गावाकडून ना ज्वारी आली, ना लग्नाचं बोलावणं. माझ्या नवऱ्यानं मलाच दोष दिला. आईला पूर्णेला नेलं नसतं तर चुलते तुटले नसते, असं तो म्हणायचा. सासूबाई मरेपर्यंत पालमकडच्या त्या गावी गेल्या नाहीत.