साळ्याला टोचलेली नागिणीची लस

सापांपासून बचाव व्हावा म्हणून मी माझ्या साळ्याला लस टोचून आणली, आणि तेव्हापासून तो हाताने साप धरायला लागला.

त्याचं असं झालं. भंडाऱ्यात मी बीपी दाखवायला गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, "नागिणीची लस आली आहे. पन्नाशीनंतर घ्यावी." मला लगेच शालिक आठवला. शालिक म्हणजे बायकोचा एकुलता एक भाऊ, पन्नाशी ओलांडलेला. दिघोरीला धानाच्या बांधीत दिवसभर अनवाणी, आणि पावसाळाभर इकडे हिचा जीव टांगणीला! (माझा स्वतःचा प्रश्नच नव्हता. लुगड्यांच्या दुकानात साप कशाला येईल?)

"पन्नाशीनंतरच कायले?" हिने विचारलं.

"त्या वयात पळनं होत नाही ना!" मी समजावलं.

शालिकला घेऊन गेलो. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, असं डॉक्टरांनी विचारलं. सापाचा नि कांजिण्यांचा काय संबंध? पण डॉक्टरांपुढे कोण बोलणार! "दोन डोस लागतील," ते म्हणाले.

"एक नागाचा, एक नागिनीचा," मी शालिकच्या कानात सांगितलं.

"घेतली म्हणजे होणारच नाही असं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण शक्यता पुष्कळ कमी होते. झालीच, तर त्रासही कमी."

"म्हनजे चावला तरी दुखत नाही!" बाहेर येताच शालिक खूश.

दोन्ही डोस झाले. धानाची रोपं लावायच्या रोवणीला आम्ही दिघोरीला गेलो, तर शालिकने सगळ्यांसमोर बांधीच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, भलामोठा साप शेपटीला धरून उचलला! ही किंचाळली. "भिऊ नोको, लस लागली हाय त्याले," मी म्हटलं, आणि हिची खात्री पटावी म्हणून डॉक्टरांना फोन लावून स्पीकर सुरू केला.

सगळं ऐकून पलीकडून डॉक्टरांची आरोळी! "अहो, नागीण म्हणजे अंगावर फोडांचा पट्टा उठतो तो आजार!"

मी ओरडलो, "शालिक, सोड!"

"आता कायले?"

"ते लस ह्या नागिनीची नाही!"

"मंग हे कोन हाय?"

नशीब, धामण होती. त्याने ती टाकली, ती नेमकी माझ्याकडे वळली, आणि मी नव्या रोवणीत आडवा! हिने आधी भावाला पोटाशी धरलं, मग माझ्याकडे जे पाहिलं ते अजून विसरलो नाही.

पुढच्याच वर्षी माझ्या कमरेला नागीण झाली. फोडांची! आग अशी की बनियनही सहन होईना. शेजारी दारातूनच विचारपूस करून जात. शालिक मात्र पहिल्या बसने आला, मलमाची डबी हातात घेऊन म्हणाला, "सरका भाऊजी. आता बरोबरवाली नागीन हाय, अन् मले दोन्ही डोस लागले हायेत."

मला खरंच भरून आलं. अख्ख्या गोतावळ्यात नागिणीला न भिणारा तो एकटाच. आणि त्याला एवढा निर्धास्त करणारा मी शहाणा पालथा पडून म्हणत होतो, "हळू बापा, हळू!"