उतारावरची नाती

शिंप्याला लोक मास्तर म्हणत, आणि मास्तर आपल्या जुन्या गाडीला लक्ष्मी म्हणत. नाव खोटं नव्हतं. ही लक्ष्मी दारात मास्तरांच्या उभी असे, नांदायची मात्र गॅरेजवाल्या मिस्त्रीकडे. तिचा क्लच बदलला तेव्हा मिस्त्रीच्या घरावरचे पत्रे जाऊन स्लॅब आला. रेडिएटर गळायला लागला आणि स्लॅबवर एक मजला चढला.

"मास्तर, आता वर्षानुवर्षं कुणी हात लावायला नको," मिस्त्री म्हणे. तेही खरं झालं. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी हात लावलाच नाही.

एवढं करूनही गाडी किल्लीनं काही चालू होईना. धक्का मारायला कुणाला विनवावं, तर मास्तर मानी. मग त्यांनी युक्ती काढली. गाडी नेहमी उतारावर लावायची. निघताना ब्रेक सोडला की ती घरंगळायची, गिअर टाकला की खोकत खोकत जागी व्हायची.

तेव्हापासून मास्तरांचं आयुष्य उतारच ठरवू लागला. टेकाडावरचा डॉक्टर तेवढा हुशार, सपाटीवरचा किराणावाला लबाड. जिवलग मित्र खालच्या गल्लीत राहायला गेला, तो मास्तरांच्या मनातूनही खाली गेला.

"माणूस चांगला होता हो," बायको म्हणाली.

"माणूस चांगलाच आहे. जागा वाईट."

आता धाकटी बहीण राहायची नदीकाठी, ताटासारख्या सपाट जमिनीवर. मास्तर दोन वर्षं तिकडे फिरकले नव्हते. बसनं जावं, तर गाडीवाला माणूस बसमध्ये कसा शोभेल? बहिणीच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तरी मास्तर फोनवरूनच काळजी करत राहिले. शेवटी ती इस्पितळातून घरी आली आणि तिनंच फोन केला. "दादा, उद्या आलास तर भाऊ. नाहीतर माझ्या पोरांना मामा नाही, असं सांगून टाकते."

मास्तर गेले. गाडी दारात उभी केली, पण बंद केली नाही. ती धडधडत राहिली आणि तिचा धूर पाहुण्याआधी घरात शिरला. मास्तर खुर्चीच्या कडेवर टेकले, एक कान बहिणीकडे, एक दाराकडे.

"भुलीतून जागी झाले ना, तेव्हा..." बहीण सांगू लागली.

"थांब! आवाज बदलला का गं जरा?"

बहीण थांबली. मग टाक्यांवर हात धरून हळूहळू उठली, बाहेर गेली, खिडकीतून हात घातला आणि किल्ली काढून घेतली. लक्ष्मीनं एक उचकी दिली आणि मान टाकली.

"अगं, आता मी जाणार कसा?"

"जायचं नंतर बघू. आधी नीट मागे टेकून बस."

मास्तर टेकले. गल्लीत एवढी शांतता पसरली, की त्यांना कुठं बघावं कळेना.

"हं, सांग. जागी झालीस तेव्हा काय?"

"काय असणार? दादा आला का, असं विचारलं. तर तुझे मेहुणे म्हणाले, इस्पितळ सपाटीवर आहे ना गं."

मास्तर मुक्कामाला राहिले. सकाळी मेहुण्यांसकट सगळी गल्ली गाडीमागे उभी करावी लागली, आणि मानी मास्तरांनी एकेका दारात जाऊन स्वतः हात जोडले. बहीण उंबऱ्यात बसून बघत होती. हसू आलं की टाके ओढत होते, तरी हसत होती.