म्हातारीचा जबडा

शिवणकाम करणाऱ्या मावशींनी वहिनींना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या एका लाकडी म्हातारीशी कडाकडा भांडत होत्या. बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या त्या मंडळात बाहुल्यांचे कपडे शिवायला मावशी नुकत्याच लागल्या होत्या. गॅरेजमागच्या त्या खोलीत सरसाचा वास कोंदला होता. वहिनींचा आवाज मध्येच आवळला जाई, तुटे, मग धक्का देऊन बाहेर पडे. घसा बसला असेल, असं मावशींना वाटलं.

"मिठाच्या गुळण्या करा हो."

"गुळ...ळण्यांनी बरं व्हायचं असतं, तर एव्हाना समु...द्र आटला असता!"

दुखणं घशाचं नव्हतंच. मेंदूकडून स्वरतंतूंना चुकीचा हुकूम जायचा. डॉक्टर गळ्यात स्नायू सैल करणारी सुई टोचत. मग काही दिवस नुसती कुजबुज, काही आठवडे बरे, की पुन्हा तेच.

खेळ चालवायचे वहिनींचे धाकटे दीर. सगळे त्यांना भाऊजीच म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण मागच्या रांगेतून लोक उठून जाऊ लागले तसा त्यांचा धीर सुटला. "वहिनी, म्हातारीचं बोलणं दुसऱ्या कुणाकडून रेकॉर्ड करून घेऊ. तुम्ही फक्त हात चालवा."

एक खेळ तसा झाला. पुढच्या रांगेतल्या पोरांनी ओरडून विचारलं, "आजी, तू राहतेस कुठं?" यंत्रातला गोड गळा आपला पुढचं वाक्य बोलत सुटला. पोरं हसली, तर त्यांच्या हसण्यासाठीही तो थांबला नाही. पडद्यामागे हात उंचावून उभ्या असलेल्या वहिनींचे दात आवळलेले मावशींनी पाहिले.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी म्हातारीचा जबडा खोलला. तो हलवणाऱ्या दोरीला एक खटका बसवला. आपला आवाज अडेल तिथं बोटानं खटका दाबायचा, की म्हातारीचंही तोंड अर्ध्यात अडलं पाहिजे. हनुवटीखाली कापड अडकायचं, म्हणून मावशींनी तिच्या चोळीचा गळा तीनदा उसवून शिवला.

"लोक हसतील, वहिनी," भाऊजी म्हणाले.

"हसायलाच बोला...वतो ना त्यांना? पण कधी हसायचं, ते मी ठर...वणार."

"आणि नाही जमलं तर?"

"तर म्हातारीला काढा. माझ्यासक...ट."

पुढच्या खेळाला भाऊजींनी यंत्र हाताशी ठेवलंच होतं. तिसऱ्याच वाक्याला आवाज अडला, जबडाही अडला. भाऊजींचा हात बटणाकडे गेला. वहिनींचे दोन्ही हात वर गुंतलेले; त्यांनी पायानंच वायर उपटली.

म्हातारीनं सावकाश मान वळवली. तोंड उघडंच ठेवून एकेका रांगेकडे रोखून पाहिलं. मागून कुणीतरी ओरडलं, "पुढं बोल की गं!"

"बो...लते! तुला काय गाडी गाठाय...चीय?"

सभागृह खदखदून हसलं. वहिनींनी ते हसणं पुरतं विरू दिलं आणि मगच पुढचा शब्द काढला. त्या दिवशी मागची रांग शेवटपर्यंत बसून होती.

भाऊजी बराच वेळ वायर गुंडाळत बसले. "निदान सांगायचं तरी होतं," ते पुटपुटले.

"सांगत बस...ले असते, तर खेळ सं...पला असता."

हल्ली म्हातारीचे सगळे संवाद वहिनी स्वतःच लिहितात, आणि मंडळाच्या प्रत्येक खेळात सर्वांत मोठं काम तिचंच असतं.