गाळलेलं नाव

पॅसिफिकमधल्या एका बेटावर राहून मी तिथल्या भाषेचं ध्वनिमुद्रण केलं. ती बोलणारे थोडेच उरलेत. पुढचं काम इस्लामपूरला, घरी बसून. आवाज ऐकायचा, प्रत्येक वाक्य कुठे सुरू होतं नि कुठे संपतं ते संगणकावर दाखवायचं आणि त्याला बेटावरच्यांनी लिहून दिलेली ओळ जोडायची. मग ओळीवर बोट ठेवलं की तेवढंच वाक्य ऐकू येतं.

एका म्हातारीनं वादळात बुडालेल्या होडीची, ती बांधली तिथपासूनची, हकिकत सांगितली होती. ती ऐकून वहीत उतरवली तिच्या सुनेनं. एका वाक्यात म्हातारीनं एक नाव घेतलं होतं, वहीत ते नव्हतं. नजरचूक समजून मी ते लिहिलं, जोडलं आणि फाइल बेटावर पाठवून दिली.

चार दिवसांनी सुनेचा फोन आला. ते नाव म्हातारीच्या सासऱ्याचं. तिथल्या बायका सासऱ्याचं नाव घेत नाहीत, तो मेल्यावरही नाही. सांगण्याच्या भरात म्हातारीच्या तोंडून निसटलं होतं. सुनेनं ते झाकलं आणि मी उघडं केलं. फाइल एकानं दुसऱ्याला पाठवत आता घरोघरी फोनवर तीच ओळ वाजत होती. म्हातारीनं प्रार्थनेला जाणं सोडलं होतं.

माझ्या सासूबाई शेजारी शेंगा फोडत होत्या. फोन ठेवून मी त्यांना सगळं सांगितलं. मामंजींचं नाव त्यांनी आजवर घेतलेलं नाही; रेशन कार्डाच्या वेळीही मलाच पुढे केलं होतं.

"तिनं गाळलं, तर तू कशापायी भरलंस?"

"आवं, मला वाटलं चुकून राहिलं."

"मग इचारायचं हुतंस की. पोतं हाय व्हय ते, रिकामं दिसलं की भरलं?"

एका फोनचं काम होतं. मी तो केला नाही.

फाइल त्याच दिवशी मागे घेतली. लोकांच्या फोनमध्ये गेली ती गेलीच. सुनेला म्हटलं, नाव आवाजातूनही कापते, बाकीचं राहू द्या. होडी बांधण्याचे कितीतरी शब्द त्या हकिकतीखेरीज मला कुठेच मिळालेले नाहीत. तिनं सासूला विचारून कळवलं: सगळं पुसा, मूळ प्रतसुद्धा.

मूळ प्रत माझ्याकडेच आहे. काल पुन्हा निरोप आला, "पुसलंत का, ताई? आई रोज विचारतात."

उत्तर काय द्यायला हवं ते मला कळतं. आठवडा झाला, रोज ती फाइल उघडते आणि दुसऱ्या कामाला लागते.