खालच्या वाळूतली मेणबत्ती

या ग्रुपवरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. रसाचा नमुना दोनदा तपासल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, ही सत्तावीस वर्षांची सवय. कुणी काही अद्भुत सांगितलं की मी आधी विचारतो... तेव्हा किती वाजले होते? तुम्ही जेवला होता का? झोप झाली होती का?

म्हणून माझंही आधीच सांगतो. झोप झाली होती. चांगली आठ तास झाली होती, आणि तीच माझी पहिली चूक वाटते.

मी कोल्हारचा. घरी आई, बायको संगीता आणि मी. मुलगी श्रावणी जॉर्जियात, त्बिलिसीला मेडिकलच्या चौथ्या वर्षाला. आई एक्याऐंशी वर्षांची. खुब्याचं हाड मोडल्यापासून सहा वर्षं पलंगावर. डोकं मात्र लख्ख. बाजारात मेथीची जुडी कितीला आहे हे ती पडल्यापडल्या माझ्यापेक्षा बरोबर सांगायची. रात्री दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे. ते मी आणि संगीता वाटून घ्यायचो. सहा वर्षं.

गेल्या वर्षी श्रावणीची खोली बदलायची होती, घरमालकाला वडिलांची सही हवी होती. हंगाम संपून कारखान्याचं गाळप बंद झालं होतं. संगीता म्हणाली, "तुम्ही जाऊन या. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. मी आहे ना."

निघताना आईच्या पाया पडलो. तिनं विचारलं, "तिकडं देवबिव हाय का काय?"

"चर्च आहेत आई. लई जुनी."

"मंग माझ्या नावानं एक मेनबत्ती लाव. देव कुनाचाबी असू दे, त्याला काय फरक पडतोय?"

श्रीरामपूरच्या भागात ख्रिस्ती शेजार आम्हाला नवा नाही. आईची जिवाभावाची मैत्रीण मार्थामावशी होती. तेव्हा त्यात आईला वावगं वाटण्यासारखं काही नव्हतं. मी "लावतो" म्हणालो.

तिकडे पोचल्यावर पहिल्या रात्री मी दहाला पडलो तो सहाला उठलो. मध्ये कुणाची हाक नाही, कण्हणं नाही. सकाळी डोळे उघडले आणि मनात आलं, असं रोज असतं तर... वाक्य मी पुरं केलं नाही. पण ते पुरं कसं होतं हे मला माहीत होतं.

चौथ्या दिवशी श्रावणीनं गाडी ठरवली आणि जुनी चर्च दाखवायला नेलं. पहिलं टेकडीच्या टोकावर, खाली दोन नद्यांचा संगम. दुसरं गावात, मोठ्या तटबंदीच्या आत. मी डोक्याला मफलर गुंडाळला होता, त्यावरून तिची चेष्टा चालू होती.

"बाबा, आत शिरताना टोपी-मफलर काढायचं. पुरुषांनी उघडं डोकं, बायकांनी झाकलेलं."

"आपल्याकडंबी दर्शनाला टोपी काढतातच की."

"आणि फोटोत पोट आत. आईला पाठवायचाय."

"तुझ्या आईनं ते पोट रोज बघितलंय, तिला कशाला फसवतेस?"

तिसरं चर्च लहान होतं. डोंगराच्या कुशीत, काळपट दगडाचं. आत दहा-पंधरा माणसं, अंधूक उजेड, मेण आणि धुपाचा वास. दाराशी काळा रुमाल बांधलेली एक म्हातारी पिवळ्या, उदबत्तीएवढ्या बारीक मेणबत्त्या विकत होती. मी एक घेतली. श्रावणीनं कानाशी येऊन हळू आवाजात समजावलं...

"बाबा, ते उंच पितळी स्टँड आहेत ना, ते जिवंत माणसांसाठी. तब्येत चांगली राहावी म्हणून. आणि भिंतीलगत तो खाली वाळूचा ट्रे आहे, तो गेलेल्यांसाठी. आजीची वर लावा हं."

म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल, परक्या देशात माणूस चुकतो. मला नीट सांगितलेलं होतं. मराठीत.

तिला कॉलेजमधून फोन आला म्हणून ती बाहेर गेली. मी मेणबत्ती पेटवली. वरच्या स्टँडवर जागा होती. गर्दी नव्हती. मी उभा राहिलो, आईचं नाव मनात घेतलं. तिचा चेहरा डोळ्यांसमोर आणायला गेलो तर चेहरा येईना... तिची पाठ आली. रात्री कूस बदलताना दिसते ती पाठ, तिथे लावलेली पावडर, तिचं कण्हणं. किती वेळ गेला सांगता येत नाही.

मग मी सरळ उभा होतो आणि माझे हात रिकामे होते. मेणबत्ती खाली, वाळूच्या ट्रेमध्ये जळत होती. माझ्या दोन बोटांना वाळू लागलेली होती.

मी वाकलो होतो. गुडघा दुखतो माझा, वाकताना कळ येते. ती कळ आली होती हेही आठवतं. फक्त मी ठरवलं होतं का, ते आठवत नाही.

उपटून वर लावता आली असती. दोन पावलांचं काम. पण ती म्हातारी माझ्याकडेच पाहत होती. मला लाज वाटली. ठेवलेलं उचललं तर तिला काय वाटेल, असं काहीतरी. मी हात जोडले आणि बाहेर आलो.

"वर लावली ना?" श्रावणीनं विचारलं.

"हो."

पुढे अर्ध्या तासावर एका ढाब्यासारख्या ठिकाणी जेवायला थांबलो. तिथल्या वायफायला फोन जोडला तर संगीताचे सात मिस्ड कॉल. लावला.

"अहो, तुम्ही कुठं आहात? आई काहीतरीच बोलायला लागल्यात."

"काय झालं?"

"जेवण झालं, दूरदर्शनवरच्या बातम्या ऐकत होत्या. मधेच ओरडल्या, मला भुईवर का घेतलं म्हणून. मी धावत गेले तर पलंगावरच आहेत! म्हटलं, आई, तुम्ही पलंगावर आहात, हात लावून बघा. तर म्हणतात, 'खोटं नको बोलू. पाठीला वाळू लागतीया गार. अजून जीव हाय माझ्यात, मला खाली कुनी घेतलं?'"

आमच्याकडचं ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. माणसाचं शेवटचं आलं की त्याला पलंगावरून उतरवून भुईवर घेतात. जीव अधांतरी, पलंगावर जाऊ नये म्हणून. 'खाली घेतलं' असं कुणी सांगितलं की ऐकणारा समजतो, आता काही राहिलं नाही.

मी विचारलं, "किती वाजता?" सवयच ती.

"सव्वा एक वाजले असतील. बातम्या चालू होत्या."

आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा दीड तास पुढे. सव्वा एक म्हणजे तिथले पावणेबारा. चर्चमध्ये शिरताना श्रावणीनं दारात माझा फोटो काढला होता, मी तिचा फोन मागून वेळ पाहिली. अकरा एकेचाळीस.

मी ड्रायव्हरला गाडी परत वळवायला लावली.

"बाबा, काय विसरलं?"

"चष्म्याची डबी."

"ती तुमच्या खिशात आहे."

"मग दुसरं काहीतरी... तू चल ना गं!" मी तिच्यावर ओरडलो. आजही तिला वाटतं, बाबांना तेव्हा परदेशात घाबरल्यासारखं झालं होतं.

परत पोचलो तेव्हा चर्च जवळजवळ रिकामं होतं. वाळूचा ट्रे स्वच्छ होता. त्या म्हातारीनं अर्धवट जळालेल्या मेणबत्त्या काढून एका पत्र्याच्या बादलीत टाकल्या होत्या आणि वाळूवरून हात फिरवून ती सारखी केली होती. बादलीत दोन-तीनशे तुकडे असतील. सगळे पिवळे, सगळे सारखे. मी त्यांत हात घातला. कशासाठी, ते विचारू नका. म्हातारी काहीतरी बोलली, रागानं नाही, आणि माझा हात धरून तिनं बाजूला केला. मग एक नवी मेणबत्ती माझ्या हातात दिली. मी ती वर, सगळ्यात उंच जागी लावली. दोनदा विझली. तिसऱ्यांदा तिनंच लावून दिली.

बाहेर येऊन फोन केला.

"आता कशा आहेत?"

"गप आहेत. आताच एक वाक्य बोलल्या... 'असू दे, आता कशाला वर?' काय ते मला कळलं नाही. तुम्हाला कळलं का?"

मी "नाही" म्हणालो. संगीतालासुद्धा.

चार दिवसांनी घरी आलो. आई दिसायला होती तशीच. पण पलंगाची डोक्याकडची बाजू वर करायला गेलं की हात हलवायची, नको म्हणायची. खाणं निम्म्यावर आलं. मेथीची जुडी कितीला, तेही सांगेना. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, वय आहे, असा भ्रम होतो. रक्त तपासलं. सोडियम थोडं कमी होतं. मी त्या सोडियमला घट्ट धरून बसलो. मीठ दिलं, सलाइन दिलं, सोडियम जागेवर आलं. आई नाही आली.

एका दुपारी संगीता बाहेर गेली होती. मी पलंगाशी बसून म्हणालो, "आई, ती मेणबत्ती मीच ठेवली होती. खाली."

मला वाटलं होतं ती विचारेल, कसली मेणबत्ती. तिनं विचारलं नाही. डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाली, "दमला असशील."

एवढंच. मी म्हणायला हवं होतं, नाही आई, चुकून झालं. तोंडापर्यंत आलं. पण 'चुकून' हा शब्द मला खरा वाटला नाही, आणि खोटा म्हणण्याइतकी खात्रीही नव्हती. मी तिचे पाय चेपत बसलो.

त्यानंतर दीड महिना गेला. एका सकाळी आईला श्वास लागला. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, कोपरगावहून आले. नाडी पाहिली आणि मला म्हणाले, "आशोक, खाली घे आता तिला. येळ नको लावू."

संगीतानं भुई पुसून घेतली, घोंगडी टाकली. शेजारचे दोघं आले. सगळे माझ्यासाठी थांबले, कारण खांद्याकडून मुलानंच धरायचं. मी तिच्या काखेत हात घातले आणि माझ्याच्यानं उचलवेना. वजन काय, चाळीस किलोही नव्हतं.

"आरं घे की!" मामा ओरडले. "पलंगावर जीव जाईल तिचा!"

"नाही मामा. मी नाही घेणार खाली."

"डोकं फिरलं का तुझं? आई हाय ती तुझी!"

तेवढ्यात आईचा उजवा हात हलला. दोन दिवस तो हलला नव्हता. पलंगाच्या कडेवरून तो खाली आला आणि जमिनीच्या दिशेनं दोनदा हलला. मामा म्हणाले, "बघ, ती सांगतीया, घे." मला वाटलं ती नको म्हणतेय. डोक्याकडची बाजू वर करताना असाच तर हलवायची. मी तिच्या तोंडाजवळ कान नेला. "आई, घेऊ का? काय म्हणतेस?" असं दोनदा, तीनदा विचारलं. मी विचारत असतानाच ती गेली. पलंगावर.

दहाव्याला मामा आले, पण माझ्याशी बोलले नाहीत. गावात म्हणतात, पोरानं आईला शेवटची भुई दिली नाही. ते खरंच आहे, मी काय सांगणार.

त्या चर्चमधलं कोल्हारला कसं पोचलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. इथल्या कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. पण त्याच्याशिवाय मी जगू शकतो. मला रोज छळतो तो तिचा हात. ती 'घे' म्हणत होती की 'नको'? तुमच्यापैकी कुणी ते सांगू शकणार नाही, हे मला कळतं. तरीही विचारतोय.